एकशे एक नंबरचा प्रिंटर

माझा धंदा नेमका कोणता, हे मला आजवर एका वाक्यात सांगता आलेलं नाही. मिरजेच्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "जावई जयपूरला इंटरनेटमध्ये असतात." ऐकणाऱ्याला वाटावं, मी त्यात पडलोय आणि अजून कुणी बाहेर काढलेलं नाही. मानसरोवरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी 'कंप्यूटरवाले अंकल' आहे. गीझर तापेना झाला तरी लोक आधी माझी बेल वाजवतात, आणि लाजेखातर मी जाऊन गीझरकडे गंभीरपणे बघूनही येतो.

वंदनाची, म्हणजे माझ्या बायकोची, बँकेतून इथे बदली झाली तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून मी तिच्या मागोमाग आलो. दोन वर्षांचा बेत होता. नंतर तिची दोनदा बदली झाली आणि दोन्ही वेळा जयपूरच्याच दुसऱ्या शाखेत, त्यामुळे आम्ही इथलेच झालो. मुलगी ईशा आमच्याशी जे बोलते त्याला आम्ही मराठी म्हणतो. मी मात्र घरात बसून काय करणार? म्हणून छोट्या ऑफिसांतले कंप्यूटर, प्रिंटर आणि वायफाय एकमेकांशी बोलते ठेवायचं काम सुरू केलं. अबोला धरला की मला बोलावतात. लग्नं जुळवणाऱ्या आणि टिकवणाऱ्या मावश्या असतात ना, तसंच. फक्त मावश्यांना मान जास्त.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त चकवलं ते एका प्रिंटरनं. त्यानं मला चकवलं, आणि मी एका भल्या बाईला जवळजवळ बुडवलं.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर महेंद्रजींचं ऑफिस आहे. धंदा जयपुरी रजयांचा. खाली गोदाम, वर तीन टेबलांचं ऑफिस आणि मालकांची केबिन. माणसंही मोजकी. गोपालजी चौमूंहून येतात, गोदाम त्यांच्या ताब्यात, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. आणि सरोजजी चाकसूहून बसनं येतात. त्यांचे पती याच गोदामात गठ्ठे बांधायचे. ते चार वर्षांपूर्वी अचानक गेले, तेव्हा महेंद्रजींनी सरोजजींना बोलावून कामावर घेतलं. बारावीपर्यंत शिकलेल्या होत्या. कंप्यूटर इथेच शिकल्या. कुठल्या गठ्ठ्यात कुठल्या रजया, याच्या याद्या त्या छापायच्या. दुपारी बारा वाजता ट्रक निघतो, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर छापील यादी चिकटलेली लागते. हातानं लिहिलेली चालत नाही, वाटेत पुसते आणि गठ्ठा भलत्याच गावाला जातो.

आता माझ्या कामातली थोडी गंमत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. ऑफिसातलं प्रत्येक यंत्र, मग तो कंप्यूटर असो की तुमचा फोन, वायफायला जोडलं की त्याला एक नंबर मिळतो. लॉजमध्ये खोली मिळते तसा. नंबर देतो तो राउटर, म्हणजे भिंतीवर लुकलुकणारा डबा. तो या लॉजचा मॅनेजर. महेंद्रजींकडचा मॅनेजर शंभरपासून खोल्या द्यायचा : पहिल्या येणाऱ्याला शंभर, दुसऱ्याला एकशे एक, असं पुढे. पाहुण्यांची खोली रोज बदलली तरी बिघडत नाही. प्रिंटरची बदलून चालत नाही, कारण सगळे कागद घेऊन त्याच्याच दाराशी जाणार. म्हणून प्रिंटरला आपण हातानं एक कायमचा नंबर देतो.

तो नंबर मी देत होतो तेव्हा महेंद्रजी मागे उभे होते.

"ठोसरजी, कौन सा नंबर दे रहे हो?"

"कोई भी चलेगा. एक सौ सैंतालीस दे देता हूँ."

"सैंतालीस? अरे, एक सौ एक दीजिए. शगुन का नंबर है, मशीन अच्छी चलेगी."

मला हे फार आवडलं. आपल्याकडेही आहेराच्या पाकिटात शंभराच्या नोटेवर एक रुपया चिकटवतातच की. गिऱ्हाइकाचं मन राखलं की काम गोड होतं, हा माझा अनुभव. मी एकशे एक टाकला. अजून एक छोटं काम उरलं होतं, पण तेवढ्यात गरम कांद्याच्या कचोऱ्या आल्या. त्या मी खाल्ल्या, हात पुसले, सगळ्यांना नमस्कार केला आणि घरी आलो.

आठ महिने प्रिंटर उत्तम चालला.

मग गोपालजींच्या पत्नीचा गुडघा दुखायला लागला. सोमवारी आणि गुरुवारी तिला सकाळी व्यायामाच्या उपचाराला न्यावं लागे, तेव्हा ते अकराच्या पुढे यायचे. म्हणून त्या दोन दिवसांची चावी सरोजजींना मिळाली. या ऑफिसात चावी म्हणजे काय ते सांगायला हवं. खाली सगळा कापूस. त्यामुळे रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करूनच कुलूप लागतं. सकाळी जो उघडेल त्यानं अगरबत्ती लावायची, मेन स्विच चालू करायचा आणि पहिला कंप्यूटर सुरू करायचा. एवढी वर्षं हे गोपालजींशिवाय कुणी केलं नव्हतं. सरोजजींनी चावीला लाल गोंडा लावला होता. मी विचारलं, "नई ज़िम्मेदारी?" तर पदर सावरत म्हणाल्या, "जी. इनको भी कभी नहीं मिली थी." 'इनको' म्हणजे त्यांच्या यजमानांना.

आणि पुढच्याच सोमवारी महेंद्रजींचा फोन : "ठोसरजी, प्रिंटर गूँगा हो गया."

मी गेलो. प्रिंटरच्या पडद्यावर 'जोडलेला आहे' असं लिहिलेलं. मी कंप्यूटरवरून एकशे एकला हाक मारली. अशी हाक मारायची सोय असते. यंत्र जागं असेल तर ओ देतं. खणखणीत ओ आली! म्हणजे प्रिंटर जागा आहे, ऐकतोय, आणि कागद मात्र काढत नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत, प्रिंटर पहिलाच. मी वायर बदलली. कागद नाही. बारा वाजले, ट्रक हातानं लिहिलेल्या याद्या घेऊन गेला. दीडच्या सुमाराला अचानक घर्र करून सकाळचे सगळे कागद धडाधड बाहेर पडले. मी छाती पुढे काढली आणि सांगितलं, "वायर ख़राब थी."

मंगळवार, बुधवार ठीक. गुरुवारी पुन्हा मुका. या वेळी मी कंप्यूटरमधलं सगळं पुसून नव्यानं भरलं. दीड वाजता पुन्हा घर्र. मी म्हणालो, "सॉफ़्टवेयर था." पुढच्या सोमवारी मी घरचा प्रिंटर रिक्षात घालून नेला, त्याला श्रद्धेनं एकशे एक नंबर दिला, आणि तोही मुका झाला. माझा स्वतःचा प्रिंटर! आदल्या दिवशी ईशाचा प्रोजेक्ट छापून दमलेला, पण निरोगी. मी त्याच्याकडे आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

इतर दिवशीही एक गंमत व्हायची. अकराच्या चहाला गोपालजी गोदामातून वर आले की प्रिंटर दहा मिनिटं बंद. गोपालजी मारवाडी अदबीनं म्हणायचे, "चाय के टाइम ये भी चाय पीता है, सा." आम्ही हसायचो. मी हसलो, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. हसण्याऐवजी लिहून ठेवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

लिहिलं मात्र मी दुसरंच. पाच आठवडे झाले, तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, तेव्हा मला वाटलं आपण शास्त्रीय पद्धतीनं जाऊ. एका कागदावर रकाने आखले : तारीख, ऑफिस कुणी उघडलं, प्रिंटर चालला की नाही. पाच आठवड्यांत सरोजजींनी नऊ वेळा ऑफिस उघडलं होतं. एकदा त्या रजेवर होत्या. नऊच्या नऊ वेळा प्रिंटर बंद. रजेच्या दिवशी गोपालजी लवकर आले होते, तेव्हा चालू. शिवाय खाली एक टीप : सरोजजी दीड वाजता डबा घेऊन गच्चीवर उन्हात जातात, तेव्हा प्रिंटर सुरू होतो.

मी तो कागद महेंद्रजींच्या टेबलावर ठेवला. अक्षर छान आलं होतं.

त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. गोपालजी शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "मैं तो कहना नहीं चाहता था. हाथ-हाथ की बात होती है. सुबह की अगरबत्ती, और... अब आप समझ लो."

'आणि'च्या पुढचं कुणीच बोललं नाही. नवरा गेलेल्या बाईनं सकाळी पहिलं दार उघडलं, हे वाक्य खोलीत होतं. फक्त ते कुणाच्या तोंडून आलं नाही.

"छोड़ो ये सब," महेंद्रजी म्हणाले. भला माणूस, पण कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मैंने तो सिर्फ़ नोट किया है." हे वाक्य आठवलं की अजूनही मी गाडी चालवताना उगाच हॉर्न वाजवतो.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच त्यांनी सरोजजींना बोलावलं. तो कागद टेबलावर उघडाच होता.

"आपको चाकसू से इतनी जल्दी आना पड़ता है, तकलीफ़ होती है. सोम और गुरु को मैं खुद खोल लूँगा. चाबी मुझे दे दीजिए."

"मुझे तकलीफ़ नहीं है."

"अरे, सर्दी का टाइम है."

सरोजजींची नजर कागदावर गेली. त्यांच्या बाजूनं तो उलटा होता, पण स्वतःचं नाव कुणालाही उलटं वाचता येतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पर्समधून चावी काढली, लाल गोंडा सोडवून मुठीत धरला आणि नुसती चावी टेबलावर ठेवली.

सोमवारी महेंद्रजींनी स्वहस्ते ऑफिस उघडलं. अगरबत्ती दोन लावल्या. प्रिंटर मुका.

खोलीत सगळे छताकडे बघायला लागले. गोपालजी खाकरून म्हणाले, "आज वोल्टेज का चक्कर लगता है." मालकांचा हात, म्हणून वोल्टेज! गुरुवारीही तेच. माझा शास्त्रीय कागद खोटा पडला होता, पण चावी काही परत गेली नाही. कागद खोटा पडला हे म्हणायलाही कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी मी होतो आणि मला काहीच समजत नव्हतं. माझं डोकं इतकं गरगरायला लागलं की बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी तिसऱ्या मजल्याऐवजी एकशे एक शोधत होतो.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बाल्कनीत मटार सोलत बसलो होतो. गोपालजींनी चौमूंहून पिशवी भरून आणून दिला होता. तो माणूस मनानं वाईट मुळीच नाही. वंदनानं विचारलं, "दोन दिवस झाले, गप्प का आहेस?" मी सगळं सांगितलं. लॉज, मॅनेजर, खोल्या, शंभरपासून क्रम. ती बँकेत लॉकर सांभाळते. शेंगा सोलता सोलता ऐकत होती.

"प्रिंटर एकशे एकमध्ये कायमचा राहतो?"

"हो. मीच ठेवलाय."

"मॅनेजरला सांगितलंस?"

"काय?"

"की एकशे एक गेलेली आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नको. मी एखादं लॉकर दिलं आणि रजिस्टरला लिहिलंच नाही, तर दुसरा ऑफिसर तेच लॉकर उद्या दुसऱ्याला देईल ना?"

मटाराचे दाणे हातातच राहिले. कचोऱ्या येण्याआधी जे छोटं काम उरलं होतं ते हेच!

मग सगळं आपोआप उलगडत गेलं. रोज संध्याकाळी मेन स्विच बंद, त्यामुळे मॅनेजरची वही रोज कोरी. सकाळी कंप्यूटर पहिला, त्याला शंभर. जो उघडेल त्याचा खिशातला फोन दुसरा, त्याला एकशे एक. गोपालजी उघडून खाली गोदामात जात, तिथे वायफाय पोचत नाही. म्हणून प्रिंटरला खोली मोकळी. चहाला वर आले की एका खोलीत दोघं. सरोजजी मात्र फोन शेजारी ठेवून दिवसभर प्रिंटरजवळच बसायच्या. कागद निघायचे एकशे एककडे आणि पोचायचे त्यांच्या फोनकडे. तो बिचारा यादी घेऊन करणार काय? दीड वाजता त्या फोन घेऊन गच्चीवर गेल्या की खोली पुन्हा प्रिंटरची. आणि मी हाक मारली तेव्हा ओ दिली होती तीही फोननं. मालक उघडत तेव्हा मालकांच्या फोननं.

"म्हणजे त्या बाईंचा काही संबंध नव्हता," वंदना म्हणाली.

ईशा म्हणाली, "बाबा, मतलब तुम्ही त्या आंटींना बिना बात फसवलं?"

तिचं मराठी सुधारावं असं त्या दिवशी कुणाला वाटलं नाही.

सोमवारी मी साडेनऊलाच पोचलो. मनात एक सोपी वाट तयार होती, कबूल करतो. राउटरच्या वहीत गुपचूप नोंद करायची, "नई सेटिंग डाल दी" म्हणायचं आणि निघायचं. प्रिंटर चालला असता. मी नोंदीचं पान उघडलंही. तेवढ्यात सरोजजी आल्या, नमस्कार न करता जागेवर बसल्या आणि हातानं लिहायच्या यादीसाठी पट्टीनं रेघा मारायला लागल्या. सोमवार होता, प्रिंटर चालणार नाही हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

मी पान बंद केलं आणि अकरानंतर गोपालजी आले तेव्हा सगळ्यांना बोलावलं.

"महेंद्रजी, आपका फ़ोन दीजिए." त्यांच्या फोनचं वायफाय बंद केलं आणि यादी छापायला सांगितली. कागद आला. वायफाय चालू केलं, कागद बंद. मग राउटर बंद करून पुन्हा लावला, कंप्यूटर सुरू केला आणि त्याच्या पाठोपाठ गोपालजींचा फोन जोडला. पुन्हा तेच. गोपालजींनी स्वतःच्या फोनकडे असं पाहिलं, जणू तो रोज त्यांच्या नकळत चहा पीत होता.

"मतलब फ़ोन की गड़बड़ थी," महेंद्रजींनी सुटकेचा श्वास टाकला. "चलो, मशीन की बात निकली. ख़त्म."

मला फक्त "जी" म्हणायचं होतं. मशीनवर ढकललं की कुणालाच लागत नाही.

"नहीं," मी म्हणालो. "ग़लती मेरी थी. नंबर मैंने डाला, पर रजिस्टर में चढ़ाना भूल गया. फिर पाँच हफ़्ते ढूँढ नहीं पाया, तो सरोजजी का नाम लिख दिया."

सरोजजी म्हणाल्या, आवाज न चढवता, "नौ बार लिखा था आपने. मैंने गिना था. बस में जाते हुए मैं सोचती थी, शायद मुझमें ही कुछ है. उस हफ़्ते मैं भतीजी की गोद-भराई में नहीं गई."

भाचीच्या ओटीभरणाला त्या गेल्या नव्हत्या. माझ्या रकान्यांमुळे. मी हात जोडले.

"हाथ जोड़ने से काग़ज़ नहीं मिटता," त्या म्हणाल्या. "वो लिखकर दिया था, ये भी लिखकर दीजिए."

मी लिहून दिलं. चार ओळी, हिंदीत, खाली सही. त्यांनी वाचून त्यात व्याकरणाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद गोपालजींच्या हातात दिला. "ज़ोर से पढ़िए." गोपालजींनी वाचला. वाचून झाल्यावर तो घडी न घालता सरोजजींना परत दिला. महेंद्रजी उठले, ड्रॉवरमधून चावी काढून सरोजजींसमोर ठेवली आणि म्हणाले, "मुझसे भी भूल हुई." चावीकडे त्यांनी लगेच हात नेला नाही.

"पहले वो रजिस्टर दिखाइए," त्या मला म्हणाल्या. "कहाँ लिखते हैं, कैसे लिखते हैं. सब."

मी राउटरचं पान उघडलं. त्यांनी वही काढली. पासवर्ड, नोंद कुठे करायची, कुठल्या फोनला कुठला नंबर गेलाय हे कसं बघायचं, सगळं लिहून घेतलं. एकशे एकची नोंद त्यांनी स्वतःच्या हातानं केली. मला दोनदा थांबवलं, कारण मी घाईत एक पायरी गाळत होतो. मग चावी उचलली, आणि बारा वाजता ट्रक छापील याद्या घेऊन गेला.

त्यानंतर त्या ऑफिसातून मला फोन आला नाही. एक महिना वाट पाहिली, दोन महिने पाहिली. धंद्यात शांतता म्हणजे एकतर सगळं उत्तम चाललंय किंवा आपल्याला काढून टाकलंय, आणि दोन्हींचा आवाज सारखाच असतो. शेवटी राहवेना, म्हणून मीच फोन लावला. सरोजजींनी उचलला. मागे प्रिंटरची घरघर ऐकू येत होती.

"प्रिंटर ठीक है?" मी विचारलं.

"जी, चल रहा है. नया राउटर भी लगवाया था, मैंने चढ़ा दिया सब." मग त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, "आपको कुछ काम था, ठोसरजी?"

काम काहीच नव्हतं. तसं सांगितलं आणि फोन ठेवला.